दोन राजांची राणी एम्मा

समुद्राच्या लाटांना मागे सरण्याची आज्ञा करणाऱ्या कॅन्यूट राजाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. राजाने किनाऱ्यावर खुर्ची मांडली, लाटांनी त्याचे पाय भिजवले आणि भोवतालच्या खुशमस्कऱ्यांना राजसत्तेची मर्यादा समजली. ही गोष्ट प्रथम लिहिली गेली ती राजाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, तेव्हा तिच्या खरेखोटेपणाच्या चौकशीत आज शिरायला नको. मला बोलायचे आहे ते त्या राजाच्या राणीविषयी. तिचे नाव एम्मा. शाळेच्या पुस्तकात तिला जागा मिळाली नाही. पण अकराव्या शतकातील इंग्लंडच्या राजकारणाचा दोरा हाती घेऊन निघालो, तर प्रत्येक गाठीपाशी हीच बाई उभी असलेली दिसते. एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन घराण्यांच्या दोन राजांशी तिची लग्ने झाली. पहिल्याचा एक आणि दुसऱ्याचा एक असे तिचे दोन मुलगे इंग्लंडचे राजे झाले. आणि ती गेल्यावर चौदा वर्षांनी तिच्या माहेरच्या माणसाने ते अख्खे राज्यच घशात घातले.

एम्माचे माहेर नॉर्मंडीचे. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा मुलूख इ. स. ९११ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाने रोलो नावाच्या उत्तरेकडच्या चाच्याला तोडून दिला. लुटारूला जहागीर द्यावी, म्हणजे तोच पुढे इतर लुटारूंना अडवील, हा हिशेब राजकारणात नवा नाही. रोलोचे वंशज ख्रिस्ती झाले, फ्रेंच बोलू लागले, पण उत्तरेकडच्या भाऊबंदांना ते विसरले नव्हते. रोलोचा नातू पहिला रिचर्ड हा एम्माचा बाप. तिची आई गुन्नोर ही तर डेन वंशाचीच.

समोरच्या किनाऱ्यावर इंग्लंडमध्ये तेव्हा एथेलरेड राज्य करीत होता. डेन लोकांची गलबते दरसाल येत, गावे जाळत, आणि रोख रक्कम घेऊन परत जात. अँग्लो-सॅक्सन बखर म्हणून जी सालवार नोंद आहे (आपल्या जेधे शकावलीच्या जातीची, पण पुष्कळच ऐसपैस), तिच्यात या खंडणीचे आकडे आहेत. ९९१ मध्ये १०,००० पौंड, ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००. खंडणी दिल्याने शत्रू जातो खरा, पण पुढच्या वर्षी पत्ता विचारीत बसण्याची त्याला गरज उरत नाही. त्यातून हे डेन लोक लूट विकायला आणि गलबते दुरुस्त करायला नॉर्मंडीच्या बंदरांत जात. तेव्हा नॉर्मंडीचा दरवाजा बंद केल्याशिवाय इंग्लंडचे घर सुरक्षित नाही, हे एथेलरेडला कळत होते. ९९१ मध्ये पोपच्या मध्यस्थीने दोन्ही राज्यांत तह झाला. तो टिकला नाही. कागदावर न टिकलेला तह मग रक्ताने पक्का करण्याचे ठरले, आणि १००२ च्या वसंत ऋतूत एम्मा समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये आली. आता नॉर्मंडीचा ड्यूक तिचा भाऊ दुसरा रिचर्ड हा होता.

नवरदेव पस्तिशीच्या घरातला. आधीच्या संसाराची अर्धा डझनाहून अधिक मुले, त्यांतील थोरली जवळजवळ नव्या आईच्या बरोबरीची. एथेलरेड या नावाचा अर्थ 'उत्तम मसलत' असा होतो. लोकांनी पुढे त्याला 'अनरेड', म्हणजे 'कुमसलत' असे जोडनाव दिले. इंग्रजी पुस्तकांतून त्याला 'अनरेडी', म्हणजे बेसावध म्हणतात, ते या थट्टेचे अपभ्रष्ट रूप आहे. खरे म्हणजे तो बेसावध नव्हता. तो फार सावध होता, पण नको त्या वेळी. याचा पुरावा लग्नाच्या वर्षीच मिळाला. १३ नोव्हेंबर १००२ रोजी, संत ब्राइसच्या दिवशी, राज्यात असतील तेवढ्या डेन पुरुषांना ठार करण्याचा हुकूम त्याने सोडला. ऑक्सफर्डच्या डेन लोकांनी जीव वाचवायला चर्चचा आश्रय घेतला, तर लोकांनी चर्चसकट त्यांना जाळले. राजाच्याच १००४ च्या एका दानपत्रात हा प्रकार नमूद आहे. डेन आईच्या पोटी जन्मलेल्या नव्या राणीला त्या दिवशी काय वाटले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

सासरी येताच तिचे नाव बदलले गेले. आपल्याकडे नवरीचे नाव ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहितात, तो विधी तिकडे नसेल, पण मनातला हेतू तोच असावा. एम्मा हे परके नाव. तिला इंग्रजी वळणाचे 'एल्फगिफू' हे नाव मिळाले. गंमत अशी, की एथेलरेडच्या आजीचे नाव एल्फगिफू होते. त्याच्या आधीच्या बायकोचेही बहुधा तेच. आणि पुढे या राणीला जी सवत भेटली, तिचेही नाव एल्फगिफूच! सरकारी कागदांवर ती शेवटपर्यंत एल्फगिफू राहिली. मात्र तिच्या स्वतःच्या सांगण्यावरून लिहिलेल्या पुस्तकात ती एम्मा आहे. या गोष्टीकडे लक्ष ठेवावे, असे मला सुचवायचे आहे.

या लग्नातून दोन मुलगे झाले, एडवर्ड आणि आल्फ्रेड, व एक मुलगी, गॉडगिफू. लग्नाचा राजकीय हेतू मात्र फसला. १००३ मध्ये डेन राजा स्वेन याने एक्झिटर शहर घेतले. हे शहर राणीच्या उत्पन्नाचे होते, आणि बखरकार स्पष्टच लिहितो की, राणीने नेमलेल्या ह्यू नावाच्या फ्रेंच कारभाऱ्यामुळे शहर पडले. परदेशी सुनेच्या माहेरच्या माणसांवर खापर फोडणे सोपे असते. ह्यू दोषी असेलही, पण त्या वर्षी इंग्लंडमधली जी इतर गावे पडली, तेथे कोणी ह्यू नव्हता. दहा वर्षे अशीच गेली. १०१३ मध्ये स्वेनने सगळे राज्य जिंकले, तेव्हा एम्मा माहेरी पळाली, मागून मुले आली, आणि सर्वांच्या शेवटी राजाही बायकोच्या माहेरी आला. एवढ्यापुरते ते लग्न उपयोगी पडले म्हणायचे.

स्वेन १०१४ च्या फेब्रुवारीत अचानक मेला. इंग्रज सरदारांनी एथेलरेडला परत बोलावले, पण 'पूर्वीपेक्षा नीट राज्य करणार असाल तर' अशी अट घालून. या बोलण्यांत लहानग्या एडवर्डला वकिलांबरोबर पुढे पाठवले होते. मग पुन्हा लढाया. एप्रिल १०१६ मध्ये एथेलरेड वारला. त्याचा आधीच्या बायकोचा शूर मुलगा एडमंड स्वेनपुत्र कॅन्यूटशी वर्षभर झुंजला, आणि ३० नोव्हेंबर १०१६ रोजी तोही मेला. विशीतला कॅन्यूट इंग्लंडचा राजा झाला.

आणि १०१७ च्या उन्हाळ्यात एम्माने त्याच्याशी लग्न केले.

बखरकाराची भाषा येथे कोरडी आहे: राजाने आधीच्या राजाची विधवा, रिचर्डची मुलगी, बायको म्हणून आणवली. 'आणवली' म्हणजे कोठून? ती नॉर्मंडीत होती असे तिचा चरित्रकार म्हणतो. ती लंडनमध्येच अडकून विजेत्याच्या हाती सापडली असावी असे दुसऱ्या एका समकालीन जर्मन लेखकाच्या वृत्तान्तावरून दिसते. तिने होकार दिला की तिला विचारण्याची गरजच नव्हती, हा सगळा प्रश्न या एका क्रियापदावर लोंबकळत राहतो. कॅन्यूटचा फायदा उघड होता. जुन्या राणीशी लग्न केले की नवे राज्य जुन्याचेच पुढचे पान वाटते. शिवाय नॉर्मंडीत वाढणाऱ्या एथेलरेडच्या मुलांना मामाकडून फौज मिळण्याचा धोका टळतो. कारण मामाचा नवा मेहुणा आता कॅन्यूटच होता.

एम्माचा फायदा काय? तिचा चरित्रकार सांगतो की, तिने एक अट घातली: आपल्या पोटी मुलगा झाला, तर दुसऱ्या कोणत्याही स्त्रीच्या मुलाला कॅन्यूटने गादी देता कामा नये. ही अट ऐकताच आपल्याला शंतनू आणि सत्यवती आठवतील. मात्र येथे अट घालायला बाप नव्हता, आणि प्रतिज्ञा घेऊन बाजूला होणारा भीष्मही नव्हता. ही 'दुसरी स्त्री' कल्पनेतली नव्हती. नॉर्दम्टनची एल्फगिफू, एका बड्या इंग्रज सरदाराची मुलगी, आधीच कॅन्यूटच्या घरात होती, आणि तिला स्वेन व हॅरल्ड हे दोन मुलगे होते. चर्चच्या दृष्टीने त्या संबंधाचे स्थान संदिग्ध असेल. लोकांच्या दृष्टीने ती त्याची बायकोच होती. एम्माच्या अटीची दुसरी धार मात्र सहज नजरेतून निसटते. 'माझ्या आणि तुझ्या मुलाला गादी' असे ठरवताना सवतीच्या मुलांबरोबर तिने आपले पहिले दोन मुलगेही वारसातून काढले. एडवर्ड तेव्हा सुमारे बारा-तेरा वर्षांचा होता. तो आणि आल्फ्रेड मामाच्या घरी राहिले, आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे राहिले.

कॅन्यूटच्या काळातली एम्मा ही वेगळीच स्त्री आहे. एथेलरेडच्या दानपत्रांवर क्वचित दिसणारी राणी आता राजाच्या खालोखाल साक्ष घालते. १०३१ च्या सुमारास विंचेस्टरच्या मठातील नामावलीच्या ग्रंथात काढलेले चित्र आजही आहे: कॅन्यूट आणि एम्मा मठाला सोन्याचा मोठा क्रूस अर्पण करीत आहेत, आणि ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, मेरीच्या खाली, राणी उभी आहे. दरम्यान हार्डिकॅन्यूट हा मुलगा आणि गुनहिल्ड ही मुलगी झाली. सवतीला कॅन्यूटने पुढे मुलासह नॉर्वेचा कारभार पाहायला पाठवून दिले. तेथे तिचा अंमल इतका जाचक झाला की लोकांनी दोघांना हाकून लावले.

मुलीच्या बाबतीत एम्माच्या आयुष्याचीच नक्कल झाली. कॅन्यूट १०२७ मध्ये रोमला गेला, तेव्हा सम्राट दुसरा कॉनराड याच्या राज्यारोहणास हजर होता. त्या ओळखीतून गुनहिल्डचे लग्न सम्राटाच्या मुलाशी, हेन्रीशी ठरले व १०३६ मध्ये झाले. सासरी तिचेही नाव बदलून कुनिगुंडे ठेवले. दोन वर्षांतच, इटलीच्या स्वारीत पतीबरोबर असताना, ती साथीच्या रोगाने वारली. मागे एक मुलगी उरली. ती पुढे मठाधिपती झाली. आईला जे पन्नास वर्षांत भोगावे लागले, त्यातले मुलीला दोनच वर्षे पाहावे लागले.

१२ नोव्हेंबर १०३५ रोजी कॅन्यूट वारला, आणि ज्या अटीवर एम्माने सगळा डाव लावला होता ती अट त्याच्याबरोबर पुरली गेली. हार्डिकॅन्यूट डेन्मार्कमध्ये होता, आणि नॉर्वेच्या मॅग्नसचे भय असल्याने त्याला तेथून हलता येईना. इकडे सवतीचा हॅरल्ड हजर होता. ऑक्सफर्डच्या सभेत उत्तरेकडच्या सरदारांनी हॅरल्डची बाजू घेतली. अर्ल गॉडविन एम्माच्या बाजूने उभा राहिला. तडजोड म्हणून एम्माने विंचेस्टरला बसून मुलाच्या वतीने दक्षिण भाग सांभाळावा असे ठरले. हॅरल्डने माणसे पाठवून कॅन्यूटच्या खजिन्यातील उत्तम वस्तू तिच्याकडून उचलून नेल्या. दोन आया आता उघड लढू लागल्या. जर्मनीतले १०३६ चे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात इंग्लंडहून आलेल्या वकिलांनी गुनहिल्डला दिलेली बातमी आहे: तुझी सावत्र आई सरदारांना मेजवान्या देते, आर्जवे करते, नजराणे देते, आणि आपल्या मुलासाठी शपथा घेववते. एम्माच्या पक्षाने अफवा उठवली की हॅरल्ड हा कॅन्यूटचा मुलगाच नव्हे. एका दासीचे मूल आणून त्या बाईच्या अंथरुणात ठेवले होते! राजवाड्यांच्या भांडणात हा आरोप कोठल्या देशात झाला नाही?

आता ती घटना, जिच्यामुळे एम्माचा निवाडा करताना आजही लेखणी अडखळते. १०३६ मध्ये नॉर्मंडीत वाढलेले तिचे दोन्ही मुलगे इंग्लंडला यायला निघाले. एडवर्ड किनाऱ्यापर्यंत येऊन परत फिरला. आल्फ्रेड आत आला. गिल्डफर्ड येथे गॉडविनने त्याला गाठले. तोवर वारे फिरले होते, आणि गॉडविनही वाऱ्याबरोबर हॅरल्डकडे फिरला होता. आल्फ्रेडच्या सोबत्यांपैकी काहींना मारले, काहींचे हातपाय तोडले, काहींना गुलाम म्हणून विकले. राजपुत्राला ईलीच्या मठाकडे नेले, वाटेत नावेवर त्याचे डोळे काढले, आणि तो त्या जखमांनी तेथेच मेला.

मुलांना बोलावले कोणी? एम्माने, असे लोक म्हणत. तिच्या चरित्रात त्यांना आलेले पत्र दिले आहे, पत्रावर राणीचे नाव आहे, आणि लागलीच खुलासा आहे की हे पत्र हॅरल्डने खोटे बनवले होते. पत्र खोटे असेल. पण हार्डिकॅन्यूट येत नाही, गॉडविन डळमळतो आहे, अशा वेळी वीस वर्षे विसरलेल्या मुलांची आठवण होणे हेही अगदी अशक्य नाही. खुलासा छापावा लागला, यावरून आरोप किती पसरला होता ते कळते. माझा स्वतःचा कल तिने बोलावले असावे असे मानण्याकडे आहे. आणि तसे असेल तर त्यापुढचे तिचे सारे बोलणे-लिहिणे एका आईच्या अपराधी मनातून आले आहे, असेही मला वाटते.

१०३७ मध्ये हॅरल्डने तिला देशाबाहेर घालवले. या वेळी ती माहेरी गेली नाही. भाऊ मेला होता, भाचाही मेला होता, नॉर्मंडीच्या गादीवर त्या भाच्याचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा विल्यम होता. ती फ्लँडर्समध्ये ब्रूझला काउंट बाल्डविनच्या आश्रयाला गेली. हार्डिकॅन्यूट तेथे तिला येऊन मिळाला, आणि स्वारीची तयारी चालू असतानाच १७ मार्च १०४० रोजी हॅरल्ड मेला. आई आणि मुलगा साठ-बासष्ट गलबतांसह इंग्लंडमध्ये उतरले. हार्डिकॅन्यूटने सावत्र भावाचे प्रेत उकरून दलदलीत फेकवले, आणि आरमाराच्या खर्चासाठी असा कर बसवला की वूस्टरच्या लोकांनी त्याचे दोन वसुलीदार ठार केले. बदला म्हणून शहर जाळण्यात आले. राजा अप्रिय झाला. तेव्हा १०४१ मध्ये एडवर्डला नॉर्मंडीहून बोलावून राज्याचा वाटेकरी करण्यात आले.

याच सुमारास ते पुस्तक लिहिले गेले. संत बर्तिनच्या मठातील एका भिक्षूने राणीच्या आज्ञेवरून लॅटिनमध्ये लिहिलेली ही 'एम्मा राणीची प्रशस्ती'. आपल्याकडे बिल्हणाने विक्रमांकदेवचरितात, थोरल्या भावाला पदच्युत करणाऱ्या आपल्या राजासाठी प्रत्यक्ष शंकराची आज्ञा आणून दाखवली. राजाश्रयाखालच्या चरित्रकाराला असे करावे लागते. या भिक्षूने शंकर आणला नाही; त्याने एक माणूस नाहीसा केला. साऱ्या पुस्तकात एथेलरेडचे नावच नाही! एम्माचे चौदा वर्षांचे पहिले लग्न झालेच नाही अशी कथा चालते. कॅन्यूट योग्य वधू शोधतो, ती नॉर्मंडीत सापडते. आणि एडवर्ड-आल्फ्रेड हे जणू कॅन्यूटचेच, शिक्षणासाठी मामाकडे पाठवलेले मुलगे असावेत अशा बेताने उल्लेख येतात. ज्यांच्यासाठी हे लिहिले, त्या दरबारात सत्य ठाऊक नसलेला एकही माणूस नव्हता. मग ही लपवाछपवी कोणासाठी? मला वाटते, ती फसवणूक नव्हे. तो प्रस्ताव होता. दोन बापांच्या दोन मुलांनी एका आईच्या नावावर एकत्र नांदावे, आणि बापांचा उच्चार कोणी करू नये. पुस्तकाच्या पहिल्या पानावरील चित्रात एम्मा सिंहासनावर बसली आहे, लेखक गुडघे टेकून ग्रंथ देतो आहे, आणि कडेला दोन्ही मुलगे मान पुढे काढून पाहत आहेत. सिंहासन एकच आहे, आणि त्यावर मुलगा नाही.

हा प्रस्ताव वर्षभरही टिकला नाही. ८ जून १०४२ रोजी लॅम्बेथला एका लग्नाच्या मेजवानीत पेला हातात असताना हार्डिकॅन्यूट कोसळला आणि मेला. एडवर्ड राजा झाला. १०४३ च्या ईस्टरला त्याचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो तीन बड्या अर्लांना घेऊन घोड्यावरून थेट विंचेस्टरला गेला व आईचे सोने, रुपे, जमिनी, सारे जप्त केले. बखरकार कारण देतो: ती मुलाशी पूर्वी फार कठोर वागली होती; राजा होण्याआधी आणि नंतरही त्याला हवे होते त्याहून कमी तिने त्याच्यासाठी केले. राज्यकारभाराच्या त्या रुक्ष नोंदवहीत हे वाक्य एकदम घरातले वाटते. पंचवीस वर्षे मामाच्या दारी काढलेला मुलगा चाळिशीला आला, हातात सत्ता आली, आणि त्याने पहिले मोठे काम केले ते आईच्या पेटीचे कुलूप काढण्याचे. सावत्र मुलाने एकदा लुटले, पोटच्याने दुसऱ्यांदा.

पुढे राग निवळला. तिला काही उत्पन्न परत मिळाले. पुष्कळ नंतरच्या एका दंतकथेत तिच्यावर एका बिशपाशी संबंध असल्याचा आळ येतो आणि ती नांगराच्या नऊ तापलेल्या फाळांवरून अनवाणी चालत जाऊन निर्दोष ठरते. नांगराच्या फाळाशी जन्मलेल्या आपल्या सीतेची कोणालाही आठवण व्हावी. पण समकालीन पुराव्यात या दिव्याचा मागमूस नाही. ६ मार्च १०५२ रोजी एम्मा वारली आणि विंचेस्टरला कॅन्यूट व हार्डिकॅन्यूट यांच्याजवळ तिला पुरले. एथेलरेड लंडनला आहे.

एडवर्डला मूल झाले नाही. जानेवारी १०६६ मध्ये तो गेला, आणि ब्रूझच्या वाटेवर असताना एम्माने ज्याच्याकडे जाण्याचे टाळले होते, तो भाच्याचा मुलगा विल्यम आता चाळिशीच्या आतबाहेरचा ड्यूक होता. आपण एडवर्डचे नातलग आहोत, असा त्याचा दावा होता. नाते कोणामुळे? आत्याआजीमुळे. १००२ मध्ये नॉर्मंडीपासून इंग्लंड वाचावे म्हणून जे लग्न लावले, त्याच लग्नाच्या नात्याने नॉर्मंडीने इंग्लंड घेतले.

तिच्या पुस्तकाची गोष्ट अजून थोडी उरली आहे. २००८ मध्ये इंग्लंडमधील डेव्हन परगण्याच्या दप्तरखान्यात या प्रशस्तीची दुसरी एक प्रत सापडली. ती लिलावात डेन्मार्कच्या राजग्रंथालयाने घेतली. या प्रतीचा शेवट निराळा आहे. हार्डिकॅन्यूट मेल्यावर मजकूर बदलून घेतलेला दिसतो, आणि त्यात एडवर्डची स्तुती आहे. जप्तीच्या आधी बदलला की नंतर, यावर विद्वान अजून वाद घालतात. आणि विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये जुन्या राजांच्या अस्थींच्या ज्या लाकडी पेट्या आहेत, त्यांतल्या अस्थी १६४२ मध्ये पार्लमेंटच्या शिपायांनी जमिनीवर उधळल्या होत्या व मागून गोळा करून कशाबशा परत भरल्या होत्या. अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांतील तेराशेंवर हाडे वेगवेगळी लावली. निदान तेवीस माणसांची ती हाडे निघाली. त्यांत एका प्रौढ स्त्रीची हाडे आहेत, आणि ती एम्माची असावीत असे २०१९ मध्ये जाहीर झाले. ती एकाच पेटीत नव्हती. अनेक पेट्यांत, निरनिराळ्या राजांच्या हाडांत मिसळलेली होती.